जोशुआ ट्री ते डेथ व्हॅली : वाळवंटातल्या कॅम्पिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर ऑक्टोबरात ओळखीच्या मराठी घरांतून फोन सुरू होतात. "थँक्सगिव्हिंगला वाळवंटात जातोय, काय काय न्यायचं?" गेली अनेक वर्षं आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियातून दर हिवाळ्यात तंबू घेऊन निघतो, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येतात. तीच उत्तरं फोनवर पुन्हा पुन्हा देताना काहीतरी सांगायचं राहून जातं, आणि वाळवंटात राहून गेलेली गोष्ट महागात पडते. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढलं आहे.

ही सहल नेमकी कुठून कुठे?

लॉस एंजेलिसहून जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान, तिथून मोहावी नॅशनल प्रिझर्व्ह या राखीव वाळवंटी प्रदेशातून उत्तरेला डेथ व्हॅली, आणि मग घर. मोहावी हे राष्ट्रीय उद्यान नसलं तरी वाटेतला सगळ्यात शांत पट्टा तोच आहे. जोशुआ ट्री आणि डेथ व्हॅली या दोन्ही जागांना आधी 'राष्ट्रीय स्मारक' असा दर्जा होता (जोशुआ ट्रीला १९३६ साली, डेथ व्हॅलीला १९३३ साली). १९९४ साली एकाच कायद्याने दोन्ही राष्ट्रीय उद्यानं झाली. डेथ व्हॅली सुमारे ३४ लाख एकरांची आहे. अलास्का सोडलं तर अमेरिकेतलं एवढं मोठं दुसरं राष्ट्रीय उद्यान नाही. नकाशावर दोन ठिकाणं जवळजवळ दिसली, तरी गाडीने तास-दीड तास सहज जातो.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला डिसेंबरात दुपारी साधारण १८ अंश सेल्सियस आणि पहाटे ४ अंशांच्या आसपास असतं. तिथेच जुलैत दुपारचं सरासरी तापमान ४७ अंशांच्या घरात असतं आणि रात्रीही ते तिशीच्या खाली उतरत नाही. १० जुलै १९१३ रोजी इथे ५६.७ अंश नोंदले गेले, तोच जगातला अधिकृत उच्चांक.

विदर्भातली माणसं म्हणतात, "आम्ही चंद्रपूरचा मे काढलाय, आम्हाला काय सांगता!" चंद्रपुरात सावली आहे, माठ आहे, शेजारी हाक मारायला माणूस आहे. इथे गाडी बंद पडली तर पुढची गाडी कधी येईल याचा भरवसा नसतो. उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत तंबू ठोकायचा विचारही करू नका.

दिवस लहान असतात हेही लक्षात घ्या. डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, म्हणून साडेतीनच्या आत कॅम्पवर पोचलेलं बरं. अंधारात पहिल्यांदा तंबू उभारणं म्हणजे घरच्यांची भांडणं ओढवून घेणं.

आई-बाबा भारतातून मे ते ऑक्टोबर येतात. त्यांना नेता येईल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि माझं उत्तर 'नाही' असतं. रक्तदाबाची, लघवीची गोळी घेणाऱ्या माणसाच्या शरीरातलं पाणी उन्हात फार लवकर कमी होतं. शिवाय वाटेत थांबावं लागू नये म्हणून आपले आई-बाबा मुद्दाम पाणी कमी पितात. माझ्या सासूबाईंनी असंच केलं होतं. फेब्रुवारीतली गार सकाळ होती म्हणून निभावलं. दुपारी त्यांचे ओठ सुकलेले आणि डोकं दुखतंय हे पाहिल्यावर आम्हाला कळलं की सकाळपासून त्यांनी एक पेला पाणी घेतलंय. तेव्हापासून गाडीत प्रत्येकाची स्वतःची बाटली असते आणि ती दर दोन तासांनी संपवायची असते. थांबायला कुणी कुरकुर करायची नाही, हा आमच्याकडे नियमच आहे.

आई-बाबांना वाळवंट दाखवायचंच असेल तर त्यांचा दौरा एकदा तरी डिसेंबर-मार्चमध्ये आखा. ते जमत नसेल तर उन्हाळ्यात नेवाडातलं ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यान आहे. लास वेगासहून उत्तरेला साधारण ३०० मैलांवर. तेही वाळवंटच, पण उंचावरचं. लेहमन क्रीकच्या बाजूचे कॅम्प सात हजार फुटांहून वर आहेत, त्यामुळे रात्री शाल लागते. व्हीलर पीकचा कॅम्प मात्र दहा हजार फुटांच्या जवळ आहे, वयस्कर माणसांना तिथे धाप लागू शकते. खालीच राहा आणि लेहमन गुहा दाखवा.

किती दिवस हवेत?

पाच रात्री. दोन जोशुआ ट्रीत, तीन डेथ व्हॅलीत. चारच मिळत असतील तर दोन-दोन करा. लोक मला पाच दिवसांत झायन, ब्राइस, आर्चेस, ग्रँड कॅन्यन आणि डेथ व्हॅली असा आराखडा पाठवतात. त्यात रोज तंबू उभारायचा आणि रोज मोडायचा असतो, मुलं दिवसभर मागच्या सीटवर असतात. वाळवंट गाडीच्या काचेतून पाहिलं तर सगळं सारखंच वाटतं. ते पहाटे आणि संध्याकाळी बदलतं, आणि त्या वेळेला तुम्ही तिथे बसलेले असायला हवेत. माझं खरं सांगणं एवढंच आहे, जागा कमी करा आणि रात्री वाढवा.

जोशुआ ट्रीहून डेथ व्हॅलीचा दिवस असा जातो. ट्वेंटीनाइन पाम्सला टाकी भरायची, ॲम्बॉय रोडने जुन्या रूट ६६ महामार्गावरच्या ॲम्बॉय गावापाशी निघायचं, मग केलबेकर रोडने केल्सो, तिथून बेकर, पुढे १२७ क्रमांकाच्या रस्त्याने शोशोन आणि शेवटी १९० ने फर्नेस क्रीक. साधारण २४० मैल होतात. न थांबता पाच तास, पण थांबाच. केल्सोला १९२४ साली बांधलेलं रेल्वे स्टेशन भर वाळवंटात एकटं उभं आहे. त्याच्या अलीकडे केल्सोच्या वाळूच्या टेकड्या आहेत, सहाशे फुटांहून उंच. माथ्यावरून कोरडी वाळू घसरली की पोटातून आल्यासारखा घुमणारा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा वर विमान आलं असं वाटून आम्ही सगळ्यांनी आकाशाकडे पाहिलं होतं.

कॅम्पची जागा कशी मिळते?

रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर. जोशुआ ट्रीतले जंबो रॉक्स, रायन, इंडियन कोव्ह, ब्लॅक रॉक, कॉटनवुड आणि डेथ व्हॅलीतला फर्नेस क्रीक हे हंगामात सहा महिने आधी बुकिंगला खुले होतात. पॅसिफिक वेळेनुसार सकाळी सातला त्या तारखेच्या जागा उघडतात आणि सुट्टीच्या दिवसांच्या जागा काही मिनिटांत संपतात. तत्काळ तिकिटाची सवय असलेल्या माणसाला वेगळं शिकवायला नको. आधी लॉगिन करून ठेवा, दोन-तीन जागांचे क्रमांक लिहून ठेवा.

चुकलंच, तर जोशुआ ट्रीत हिडन व्हॅली, बेल आणि व्हाइट टँक इथे आधी येईल त्याला जागा असते. सोमवार ते गुरुवार सकाळी नऊ-दहाला पोचलात तर मिळते. शुक्रवारी दुपारी विसरा. डेथ व्हॅलीत टेक्सास स्प्रिंग हा माझा आवडता कॅम्प, टेकडीच्या कुशीत आणि खालची सगळी दरी समोर. हे नियम हंगामागणिक बदलतात, निघण्याआधी उद्यानाची त्या वर्षीची माहिती जरूर वाचा. जोशुआ ट्रीत एका जागेवर सहाच माणसं चालतात, "दोन कुटुंबं एकाच जागेत बसवू" असं ठरवू नका.

पाणी किती न्यायचं?

माणशी दिवसाला चार लिटर, हे फक्त पिण्याचं. स्वयंपाक, भांडी आणि हात-तोंड यांसाठी माणशी आणखी तीन-चार लिटर धरा. चौघांच्या दोन दिवसांना साठ लिटर लागतात. जोशुआ ट्रीत हे सगळं बरोबर न्यावं लागतं. जंबो रॉक्स, रायन, हिडन व्हॅली, बेल, व्हाइट टँक, कुठेही नळ नाही. नळ आहे तो ब्लॅक रॉक आणि कॉटनवुडला. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीक, टेक्सास स्प्रिंग आणि स्टोव्हपाइप वेल्सला पाणी मिळतं.

एक गॅलनच्या पातळ प्लास्टिकच्या बाटल्यांवर विसंबू नका. गाडीत हेलकावे खाऊन त्यांना कोपऱ्यात चिरा जातात आणि सकाळी गालिचा ओला सापडतो. पाच गॅलनचे, म्हणजे १९ लिटरचे, तोटीवाले जाड कॅन घ्या. असे तीन आणि वर एक बंद कॅन, ज्याला हात लावायचा नाही. तो गाडी बंद पडली तर.

चालायला निघाल्यावर आपलं निम्मं पाणी संपलं की परत फिरायचं, मग समोर काहीही दिसत असो. नुसतं पाणी पीत राहिलं तरी चक्कर येते, म्हणून लिंबू-मीठ-साखरेचं सरबत करा. आम्ही कोकमाचा आगळ छोट्या बाटलीत नेतो. आंबट-खारट असल्याने मुलं न सांगता पितात. आणि वाळवंटातल्या कोरड्या हवेत घाम दिसत नाही, अंगावर येतो तसा उडून जातो. "घामच नाही आला" म्हणून पाणी लागत नाही असं समजू नका.

जेवणाचं काय?

पहिल्या दिवसाचं घरून न्या. थेपले, तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट, लाडू. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्या तर या थंडीत तिसऱ्या दिवशीही मऊ राहतात. दही-ताकाच्या नादाला लागू नका, शीतपेटीतली जागा त्यासाठी नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोन शेगड्यांची प्रोपेनची कॅम्प-शेगडी. छोटी सिलिंडरं मोजून नको, एक जास्तच घ्या, वाऱ्यात गॅस दुप्पट जळतो. शेगडीला तीन बाजूंनी आडोसा हवा. आमचा ठरलेला बेत म्हणजे संध्याकाळी पिठलं-भात आणि सकाळी उपमा. पिठल्याचं पीठ घरीच हिंग, तिखट, मीठ, जिऱ्यासकट डब्यात मिसळून नेते, तिथे फक्त फोडणी आणि पाणी. एकदा शेजारच्या तंबूतले गिर्यारोहक फोडणीच्या वासाने येऊन उभे राहिले होते. चार वाट्या पिठलं त्यांच्याकडे गेलं आणि त्यांच्याकडचं सुकं लाकूड आमच्याकडे आलं.

लहान कुकर जरूर न्या. जंबो रॉक्सला तुम्ही ४,४०० फुटांवर असता, तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. तोच कुकर फर्नेस क्रीकला नेलात तर तुम्ही समुद्रसपाटीच्या १९० फूट खाली असता आणि डाळ घरच्यासारखी शिजते.

भांडी घासायला पाणी नसतं तेव्हा ताट आधी कागदाने स्वच्छ पुसायचं, मग फवाऱ्याच्या बाटलीने दोन-तीन फवारे मारून पुन्हा पुसायचं. खरकटं पाणी जमिनीवर ओतू नका. कोल्हे आणि डोमकावळे त्या वासावर येतात आणि माणसांच्या अन्नाला चटावतात. रात्री सगळा शिधा गाडीत, काचा बंद.

थंडी खरंच एवढी असते? आमच्याकडे साधा तंबू आहे.

असते. जोशुआ ट्रीत डिसेंबर-जानेवारीत रात्री शून्याखाली जातं, सकाळी पाण्याच्या बाटलीत बर्फ सापडतो. वाळवंटात हवा कोरडी आणि आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसभराची ऊब सूर्य मावळल्यावर तासाभरात निघून जाते. थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते, हे लोकांना पटत नाही. ते चार पांघरुणं आणतात आणि पातळ सतरंजीवर झोपतात. पैसे खर्च करायचेच तर अंगाखालच्या जाड चटईवर करा. स्लीपिंग बॅग शून्य अंशाच्या खालपर्यंत चालेल अशी घ्या. कानटोपी घालून झोपा. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून पायाशी ठेवली की मध्यरात्रीपर्यंत ऊब राहते.

तंबूचा खरा शत्रू वारा. पहिल्या वर्षी आम्ही स्वस्तातला उंच तंबू घेतला होता, त्याच्या खुंट्या म्हणजे वाकडी तार. स्टोव्हपाइप वेल्सची जमीन म्हणजे ठोकून बसवलेली खडी. खुंट्या दोन बोटं आत गेल्या आणि आम्ही 'चालेल' म्हणालो. रात्री दोनला वारा सुटला. आधी कापड नुसतं फडफडत होतं, मग एक बाजू उठली, मग सगळा तंबू आमच्या तोंडावर आला. मुलांना उचलून गाडीत नेलं, दातांखाली करकर वाळू लागत होती. उरलेली रात्र चौघं बसून झोपलो. आता दहा-बारा इंची जाड लोखंडी खुंट्या आणि हातोडी असते, चारी कोपऱ्यांत आतून पाण्याचे कॅन ठेवतो आणि दिवसा तंबू सोडून जायचं असलं तर तो पाडून वर दगड ठेवून जातो. तंबू बुटका असेल तेवढा चांगला.

पेट्रोल आणि चार्जिंग?

जोशुआ ट्रीच्या आत पेट्रोलपंप नाही. मोहावीच्या आतही नाही. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीक, स्टोव्हपाइप वेल्स आणि पॅनामिंट स्प्रिंग्जला आहे, पण महाग. टाकी निम्मी झाली की भरायची. बेकर, पारम्प किंवा बीटी या बाहेरच्या गावांत भरून आत शिरा. इलेक्ट्रिक गाडीला बेकर, पारम्प, बीटी ही ठिकाणं धरून हिशेब करा. आतले चार्जर मंद असतात आणि मोकळे मिळतीलच असं नाही. थंडी, चढ आणि हीटर यांमुळे गाडी दाखवते तेवढे मैल जात नाहीत.

फोनला रेंज असते का? नकाशा चालतो ना?

बहुतेक ठिकाणी रेंज नसते. नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा आणि प्रवेशद्वाराशी मिळणारा कागदी नकाशा समोरच्या खणात ठेवा. डेथ व्हॅलीत फोनवरच्या नकाशावर डोळे मिटून विसंबणाऱ्या माणसांचे जीव गेलेले आहेत. जुन्या खाणींच्या वाटाही त्यात रस्ता म्हणून दिसतात, 'जवळचा मार्ग' म्हणून सुचवल्या जातात आणि गाडी वाळूत रुतते. डांबरी रस्ता सोडायचा नाही, हा पहिल्या सहलीचा नियम. गाडी बंद पडलीच तर गाडी सोडून चालायला लागू नका. वरून शोधणाऱ्याला माणूस दिसत नाही, गाडी दिसते. निघताना घरी एका माणसाला कॅम्पचं नाव, जागेचा क्रमांक आणि "अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत फोन नाही आला तर उद्यानाला कळव" एवढं लिहून द्या.

टॉयलेट, आंघोळ?

जोशुआ ट्रीत बहुतेक कॅम्पवर खड्ड्याचे संडास, स्वच्छ असतात पण पाणी नाही. पाण्याचा मग आणि छोटी बाटली आपली आपण न्यायची. आंघोळ नाही. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीक आणि स्टोव्हपाइप वेल्सच्या वस्तीत पैसे देऊन आंघोळ करता येते, तिसऱ्या दिवशी ते पैसे फार सार्थकी लागतात.

प्रवेशशुल्क किती?

दोन्ही उद्यानांत गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालतात. वर्षाचा पास ८० डॉलरला आहे, तीन उद्यानं होणार असतील तर तोच घ्या. २०२६पासून मात्र हा दर अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे, बाहेरून आलेल्यांना पास २५० डॉलरला पडतो. पाहुणे बरोबर असतील तर पास कुणाच्या नावावर आहे आणि गाडीत कोण आहे हे आधी तपासा. कार्ड जवळ ठेवा, रोख रकमेवर विसंबू नका.

जोशुआ ट्रीत काय बघायचं?

हंपी पाहिलीय? तसेच एकावर एक रचल्यासारखे गोल ग्रॅनाइटचे दगड, फक्त मधे देवळं नाहीत आणि हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसांसारखी झाडं आहेत. जोशुआ ट्री म्हणजे खरं तर झाड नव्हे, युक्काची एक जात. त्याला वर्षांची वलयं नसतात, त्यामुळे वय सांगणं अवघड. त्याचं परागीभवन एक छोटा पतंग करतो आणि त्याच फुलात अंडी घालतो. तो नसेल तर बी नाही, आणि ते झाड नसेल तर पतंग नाही. ऑगस्ट २०२०मध्ये मोहावीत सिमा भागात वणवा लागला आणि अंदाजे १३ लाख जोशुआ ट्री गेले. तिथून जाताना काळे खुंट दिसतात. मुलांना मुद्दाम दाखवा.

स्कल रॉकला गर्दी असते, दहा मिनिटांत उरका. कीज व्ह्यूला संध्याकाळी जा. पण दोन दिवसांतला एक अख्खा दुपारचा वेळ कॅम्पमागच्या दगडांवर घालवा. दगड खरखरीत आहे, साखरेच्या जाड दाण्यासारखा, बूट घट्ट धरतो. मुलांना खेळायला दुसरं काही लागत नाही. चढणं सोपं आणि उतरणं अवघड, एवढं आधी सांगून ठेवा.

आणि डेथ व्हॅलीत?

पहाटे झाब्रिस्की पॉइंट. सूर्य मागून येतो आणि समोर आधी दूरचे डोंगर गुलाबी होतात, मग उजेड हळूहळू खाली उतरत पायाखालच्या पिवळ्या घड्यांपर्यंत पोचतो. त्यानंतर बॅडवॉटरचं मिठाचं मैदान, समुद्रसपाटीच्या २८२ फूट, म्हणजे ८६ मीटर खाली. मागच्या कड्यावर, मान वर करून पाहावं इतक्या उंचीवर, 'समुद्रसपाटी' अशी पाटी आहे. समोरचं टेलिस्कोप शिखर ११,०४९ फुटांचं आणि त्यावर हिवाळ्यात बर्फ. पाट्यांच्या गर्दीतून मैलभर आत चालत गेलात की मिठाचे षट्कोन दिसायला लागतात. त्यांच्या कडा बोटभर उचललेल्या आणि ठिसूळ, पाय पडला की पापडासारख्या मोडतात. म्हणून मळलेल्या वाटेनेच जा.

मेस्काइट फ्लॅटच्या वाळूवर सूर्योदयाला जा, तेव्हा रात्रीच्या पाहुण्यांचे माग ताजे असतात. बीटल किड्याची शिवणीच्या टाक्यांसारखी रांग, उंदराच्या उड्या, आणि एखादे ठिकाणी ती रांग अचानक संपते. नऊनंतर माणसांच्या पावलांनी सगळं पुसून जातं.

सरकणाऱ्या दगडांचं रेसट्रॅक नावाचं कोरडं तळं पहिल्या सहलीत नको. तिथला खडकाळ रस्ता २७ मैलांचा आहे, टायर फाटतात आणि भाड्याच्या गाडीच्या करारात असे रस्ते बहुधा बसत नाहीत.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. 'मृत्यूची दरी' हे नाव १८४९च्या सुमाराला सोन्याच्या मागे निघालेल्या आणि इथे अडकलेल्या लोकांनी दिलं. टिम्बिशा शोशोनी लोकांचं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं घर आहे, उन्हाळ्यात डोंगरावर आणि हिवाळ्यात दरीत असे ते राहत. २००० साली कायद्याने त्यांच्या जमिनीचा काही भाग त्यांना परत मिळाला. फर्नेस क्रीकला त्यांची वस्ती आजही आहे. ती पाहायची जागा नव्हे, लोकांची घरं आहेत.

साप, विंचू, काटे?

हिवाळ्यात साप फारसे बाहेर नसतात. तरी न दिसणाऱ्या कपारीत हात घालू नका आणि बूट झटकून घाला. काळजी करायची ती चोया निवडुंगाची. दिसायला मऊ लोकरीचा, पण नुसता घासून गेलात तरी त्याचा गड्डाच अंगाला चिकटून येतो. माझ्या मुलाच्या पोटरीला असा गड्डा चिकटला आणि घाबरून त्याने हाताने ओढला, मग हातालाही. इलाज म्हणजे आपली साधी लाकडी फणी. त्वचा आणि गड्डा यांच्यामध्ये दात सरकवायचे आणि एका झटक्यात दूर उडवायचा. उरलेले बारीक काटे चिमट्याने. फणी पाठपिशवीत हवी, तंबूत नव्हे. गड्डा उडवताना समोर कुणी उभं नाही ना, तेही बघा.

वसंतात गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून पाहा, सावलीला वाळवंटी कासव बसलेलं असतं. त्याला उचलू नका. घाबरलं की ते साठवलेलं पाणी सोडून देतं आणि पुढच्या पावसापर्यंत त्याला ते परत मिळत नाही.

वाळवंटात पावसाची कसली काळजी?

डेथ व्हॅलीत वर्षाला जेमतेम दोन इंच पाऊस, पण जमीन तो पिऊन घेत नाही, सगळा एकदम ओढ्यांतून धावतो. २० ऑगस्ट २०२३ रोजी हिलरी वादळाने एका दिवसात २.२ इंच पाऊस पाडला, रस्ते वाहून गेले आणि उद्यान १५ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिलं. बॅडवॉटरच्या मिठावर तळं साचलं, पुढच्या फेब्रुवारीत लोक तिथे नावा चालवत होते. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी रस्त्यांची स्थिती पाहा, आणि कोरड्या ओढ्यात कधीही तंबू ठोकू नका. तिथली वाळू सपाट आणि मऊ असते, मोह होतो.

तारे बघायचे तर?

तारीख ठरवताना भिंतीवरचं पंचांग उघडा आणि अमावास्येच्या दोन-तीन दिवस अलीकडे-पलीकडे जा. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुनेचा उल्कावर्षाव असतो. आपल्या ओळखीचे मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध सगळे इथेही आहेत. पुण्याहून ध्रुवतारा क्षितिजावर साडेअठरा अंश दिसतो, फर्नेस क्रीकहून साधारण साडेछत्तीस अंश. तेवढाच अगस्ती खाली गेलेला. पुण्यात हिवाळ्यात दक्षिणेला ठळक दिसणारा हा तारा जोशुआ ट्रीहून क्षितिजाच्या जेमतेम तीन अंश वर येतो, तोही डोंगर आड नसेल तर. सासऱ्यांनी तो शोधायला एक तास दिला होता, कानटोपी आणि घोंगडीत. टॉर्चवर लाल कागद लावा आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर झोत टाकू नका.

शेकोटी पेटवता येते का?

कॅम्पवर लोखंडी कडं असेल तिथेच. लाकूड बाहेरून विकत आणा, उद्यानातली काटकी उचलायला बंदी आहे. दगड, फुलं, मिठाचा तुकडासुद्धा घरी आणायचा नाही.

मंडळाची पंचवीस माणसं नेता येतील?

जोशुआ ट्रीत शीप पास, इंडियन कोव्ह आणि कॉटनवुड इथे गटासाठी वेगळ्या जागा आहेत, त्या बऱ्याच आधी धरा. रात्री दहानंतर शांतता म्हणजे शांतता. अंताक्षरी आठला सुरू करा.

फक्त एकच रात्र मिळतेय. कुठे राहू?

व्हाइट टँक, मिळाला तर. पंधराच जागा आहेत. दुपारी पोचा, तंबू ठोका, मागच्या दगडी कमानीपर्यंत चालून या, पिठलं करा आणि नऊपर्यंत बाहेर बसा. पहाटे पाचचा गजर लावून अंधारातच निघा. सात-आठ मैल उतारावर चोया कॅक्टस गार्डन आहे. सूर्य आला की हजारो निवडुंगांच्या काट्यांत एकाच वेळी उजेड भरतो आणि सगळं मैदान पेटल्यासारखं दिसतं. ते दहा-पंधरा मिनिटंच टिकतं. चहा थर्मासमध्ये रात्रीच भरून ठेवा, आणि फणी खिशात असू द्या.